ईस्टर बेट : पाषाणांपलीकडची माणसे

इ. स. १७२२ सालच्या ५ एप्रिल रोजी पुनरुत्थानाचा रविवार होता. त्या दिवशी याकोब रोगेवेन या डच दर्यावर्द्यास दक्षिण प्रशांत महासागरात एक अपरिचित बेट दिसले आणि सणावरून त्याने त्याचे नाव 'ईस्टर बेट' असे ठेवले. नाव मंगल खरे. पण त्या पहिल्याच भेटीत डच बंदुकांनी दहा-बारा बेटवासीयांचे प्राण घेतले. ज्यांची ती भूमी, ते लोक तिला 'रापा नुई' म्हणतात आणि स्वतःची ओळखही त्याच नावाने सांगतात. या लेखात आम्हांस त्या लोकांविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण बेटावरील पाषाणमूर्तींची कीर्ती जगभर पसरली, माणसांची कथा मात्र मागेच राहिली.

चिली देशाच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेले हे बेट उण्यापुऱ्या १६४ चौरस किलोमीटरांचे आहे. राजधानी सांतियागोहून विमानाने तेथे पोहोचण्यास पाच तासांहून अधिक वेळ लागतो. सुमारे आठशे वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक होड्यांतून येथे आले आणि त्यांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ 'मोआई' नावाच्या भव्य मूर्ती घडविल्या. अशा नऊशेंहून अधिक मूर्तींची नोंद झालेली आहे. सर्वसाधारण मूर्तीची उंची सुमारे चार मीटर भरते.

प्रवाशांसाठी येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रानो राराकू या मृत ज्वालामुखीच्या उतारावर मूर्तिकारांची खाण असून तेथे जवळपास चारशे मूर्ती आहेत. काही खांद्यांपर्यंत मातीत रुतलेल्या, तर काही अजून कातळातून सुटायच्या आहेत. तोंगारिकी येथे एकाच ओट्यावर पंधरा मूर्ती समुद्राकडे पाठ करून उभ्या आहेत. १९६० च्या सागरी लाटेने त्या इतस्ततः फेकल्या होत्या. १९९० च्या दशकात जपानी साहाय्याने त्या पुन्हा उभारण्यात आल्या. आनाकेना येथे पांढऱ्या वाळूचा किनारा असून तेथे पोहता येते. तेरेवाका हे ५०७ मीटर उंचीचे शिखर पायी अथवा घोड्यावरून गाठता येते, आणि माथ्यावरून चोहोबाजूंना केवळ समुद्र दिसतो. रानो काऊच्या काठावर ओरोंगो हे दगडी घरांचे गाव आहे. पूर्वी तेथून तरुण कडा उतरून, पोहत मोतू नुई या खडकाळ बेटावर जात आणि समुद्रपक्ष्याचे पहिले अंडे घेऊन परतण्याची शर्यत लावीत. ज्याच्या वतीने ते अंडे येई, त्यास वर्षभर 'पक्षीमानव' म्हणून मान मिळे.

हे सारे पाहून झाल्यावर प्रवाशास बहुधा एक कथा ऐकावयास मिळते. मूर्तींच्या वेडापायी लोकांनी शेवटचे झाडही तोडले, उपासमार झाली, आपसांत युद्धे पेटली आणि एक समाज स्वतःच्या हातांनी नष्ट झाला, अशी ती कथा. निसर्गरक्षणाचा धडा म्हणून ती कित्येक पुस्तकांतून सांगितली गेली. बेटावरील ताडवृक्ष नाहीसे झाले, हे खरेच आहे. त्यास कुऱ्हाड व आग कारणीभूत झाली, तसेच होड्यांतून आलेले व ताडाच्या बिया कुरतडणारे उंदीरही झाले. परंतु झाडे गेली म्हणून माणसे गेली नाहीत. दगडांच्या आडोशाने ओल राखून ते लोक रताळी पिकवीत राहिले. २०२४ साली 'नेचर' या नियतकालिकात पंधरा प्राचीन रापानुई व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याचे कोणतेही चिन्ह त्यात आढळले नाही. उलट १८६० च्या दशकापर्यंत ती हळूहळू वाढतच होती.

मग त्या दशकात काय घडले? १८६२ च्या अखेरीस पेरू देशासाठी मजूर धरून नेणारी जहाजे बेटावर आली. काही महिन्यांत सुमारे १,४०० ते १,५०० स्त्री-पुरुष फसवून वा बळाने नेण्यात आले. त्यांत राजघराण्यातील माणसे होती, तसेच परंपरा जाणणारे वडीलधारेही होते. मळ्यांवर व घरकामांत राबताना त्यांतील बहुसंख्य रोगांनी मेले. ताहितीचे बिशप तेपानो जोसाँ आणि इतरांनी आवाज उठविला व १८६३ मध्ये पेरूने हा व्यापार बंद केला. परतीच्या जहाजावर सुमारे शंभर रापानुई चढले. बेटावर जिवंत उतरले ते पंधराच्या आसपास, आणि त्यांच्यासोबत देवीचा रोगही उतरला.

या उद्ध्वस्त समाजात १८६४ च्या जानेवारीत ब्रदर युजीन एरो हे पहिले मिशनरी एकटेच आले. घराघरांत कोरीव चिन्हांच्या लाकडी फळ्या असल्याची नोंद प्रथम त्यांनीच केली. 'रोंगोरोंगो' नावाची ही लिपी आजही कुणास वाचता येत नाही, आणि उरलेल्या सुमारे दोन डझन फळ्यांपैकी एकही बेटावर नाही. ब्रदर एरो १८६८ च्या ऑगस्टमध्ये क्षयाने तेथेच वारले. त्याच क्षयाने त्या काळात बेटवासीयांचेही असंख्य बळी घेतले, हे आपण प्रांजळपणे लक्षात ठेवावयास हवे. पुढे द्युत्रू-बोर्निए नामक फ्रेंच माणसाने मेंढपाळीसाठी जमिनी बळकावल्या. त्याच्या जुलमामुळे १८७१ मध्ये मिशनरी बेट सोडून गेले व त्यांच्याबरोबर शेकडो लोकही गेले. १८७७ साली बेटावर केवळ १११ माणसे शिल्लक होती.

१८८८ साली चिलीने बेट आपल्या राज्यास जोडले. त्यानंतर एका मेंढपाळ कंपनीने १९५३ पर्यंत जवळजवळ सारे बेट कुरण म्हणून वापरले. रापानुई लोकांस हांगा रोआ या एकाच गावात कोंडण्यात आले. गावाबाहेर जाण्यास परवानगी लागे. आपल्याच पूर्वजांच्या मूर्ती पाहावयास परवाना मागावा लागणे, याहून मोठी विटंबना कोणती?

या काळात बेटावर कायम राहणारा धर्मगुरू नव्हता. ताहितीत धर्मशिक्षण घेऊन १८८८ मध्ये परतलेल्या निकोलास पाकाराती या रापानुई प्रापंचिकाने १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत लोकांच्या प्रार्थना चालविल्या. १९१४ साली आंगाता नावाच्या वृद्ध धर्मशिक्षिकेने जाहीर केले की, देवाने स्वप्नात सांगितले आहे, हे बेट व त्यावरील जनावरे आपली आहेत. लोकांनी कंपनीची जनावरे आणून मेजवानी केली. नौदलाचे जहाज आले व उठाव संपला. पण मागणी संपली नाही. १९३५ मध्ये आलेले बव्हेरियाचे कापुचिन धर्मगुरू फादर सेबास्तियन एंगलर्ट यांनी रापानुई भाषा शिकून तिचे व्याकरण व शब्दकोश रचले आणि मूर्तींना क्रमांक देऊन त्यांची नोंद केली. बेटावरील वस्तुसंग्रहालयास आज त्यांचेच नाव आहे. १९६६ मध्ये बेटवासीयांना पूर्ण नागरिकत्व मिळाले आणि २०१७ पासून पुरातन स्थळांच्या उद्यानाचा कारभार 'माऊ हेनुआ' ही त्यांचीच संस्था पाहते. १८७० मध्ये नेलेली एक मूर्ती २०२२ साली सांतियागोच्या संग्रहालयातून घरी परतली. १८६८ मध्ये इंग्रजी युद्धनौकेने नेलेली 'होआ हाकानानाइआ' मात्र लंडनमध्येच आहे. २०१८ साली रापानुई शिष्टमंडळ ती मागण्यासाठी तेथे गेले होते.

एखादा समाज स्वतःच्या मूर्खपणाने संपला असे म्हटले की, त्याला लुटणारे आपोआप निर्दोष ठरतात. म्हणूनच ही कथा तपासून पाहणे हे केवळ विद्वानांचे काम नव्हे. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मृतांनाही लागू आहे.

आमच्या वाचकांपैकी कुणाच्या नशिबी त्या दूरच्या बेटाचे दर्शन असेल, तर त्यांनी खाणीत जाण्यापूर्वी एका रविवारी हांगा रोआच्या ख्रिस्तमंदिरात जावे. ब्रदर एरो व फादर एंगलर्ट यांच्या कबरी तेथेच आहेत. आतील लाकडी पुतळे बेटावरील कारागिरांनी आपल्या शैलीत कोरले आहेत, आणि मिस्सात रापानुई भाषेतील गीते मोकळ्या गळ्याने गायिली जातात. गाणारे हे लोक त्या १११ जणांचे वारस आहेत. त्यांचे गायन ऐकून मग रानो राराकूकडे जाणाऱ्यास त्या मूर्ती एका लुप्त जातीच्या अवशेषांसारख्या वाटणार नाहीत. शेजारच्या गावात नांदणाऱ्या लोकांचे ते पूर्वज आहेत, हे त्यास कळेल.