सचिनचं कोपर आणि आपलं कोपर

ऑगस्ट २००४. सचिन तेंडुलकरचं कोपर दुखू लागलं. निदान टेनिस एल्बो. चॅम्पियन्स ट्रॉफी हुकली, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटीही. लातूर-नांदेडच्या टपऱ्यांवर तेव्हा एकच वाद: त्याला खेळवायचं की थांबायचं? ऑक्टोबरमध्ये तो नागपूरला उतरला. धावा ८ आणि २. डिसेंबरात ढाक्यात मात्र नाबाद २४८! सगळ्यांना वाटलं, बरा झाला. पण मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावीच लागली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागपूरलाच, श्रीलंकेविरुद्ध, ९३ धावा करून तो परतला.

या आजारात मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या बाहेरच्या बाजूला झिजतो. त्यासाठी बॅटच लागते असं नाही. सोयाबीन काढताना विळा, घरी धुणं पिळणं, एवढं पुरतं.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. कामात बदल आणि नियमित व्यायाम यांनी आराम पडतो, पण काही महिने जातात. मधेच चार दिवस बरे गेले की रुग्ण व्यायाम सोडतात. तसं करू नका. दुखणं थांबलं म्हणजे कंडरा भरून आला, असं नसतं.