आळशी डोळ्याचा इतिहास

इतिहास म्हटला की लढाया, गड आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. परंतु घरातल्या लहानसहान गोष्टींनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा आयांच्या हातून घडलेला असतो. असाच एक इतिहास या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवावा असे मनात आले. तो आहे मुलांच्या ‘आळशी डोळ्या’चा. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला पाचव्या वर्षी पट्टी लावावी लागली, तेव्हापासून मी या विषयाचा पिच्छा पुरवला. इंग्रजी मजकूर पुतणीने वाचून सांगितला, तो मी वहीत टिपून ठेवला. त्यातलेच हे सार आहे.

आळशी डोळा म्हणजे काय, ते आधी सांगते. हा डोळा वरून बहुधा चांगलाच दिसतो. परंतु एक डोळा तिरळा असला, दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असले, किंवा एका डोळ्यात जन्मतः मोतीबिंदू असला, की मेंदूकडे दोन न जुळणारी चित्रे जातात. मग मेंदू चांगल्या डोळ्याचे ऐकतो व दुसऱ्याकडे कानाडोळा करतो. घरात दोन सुना असाव्यात, सासूने सगळी कामे एकीलाच सांगावीत आणि दुसरीचा हात कामातून जावा, तसाच हा प्रकार. शंभरात दोन-तीन मुलांना हा दोष असतो. मूल तक्रार करीत नाही, कारण जग असेच दिसते अशी त्याची समजूत असते.

यावरचा उपाय जुना आहे. फ्रान्सचा निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ हा काही वैद्य नव्हे. पॅरिसच्या राजोद्यानाची व्यवस्था तो पाहात असे. १७४३ साली त्याने तिरळेपणावर निबंध लिहिला. दोन डोळ्यांची शक्ती सारखी नसते म्हणून डोळा वळतो, असे त्याचे म्हणणे. तेव्हा चांगला डोळा काही काळ झाकावा, म्हणजे दुबळ्याला काम करावेच लागेल, हा त्याचा सल्ला. आज जी पट्टी लावतात ती याच विचाराची.

पुढे १८३८ साली इंग्लंडच्या चार्ल्स व्हीट्स्टन याने स्टिरिओस्कोप नावाचे उपकरण लोकांपुढे मांडले. त्यात प्रत्येक डोळ्याला निराळे चित्र दिसते, आणि मेंदू ती दोन्ही एकत्र करून एकच उठावदार चित्र पाहतो. पॅरिसच्या एमिल झावाल याचे वडील आणि बहीण दोघेही तिरळे होते. घरचेच दुःख ते! त्या काळी डोळ्यांचे स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया होत असे, ती त्याला पसंत नव्हती. त्याने पट्टीच्या जोडीला या उपकरणाचे व्यायाम सुरू केले, आणि १८९६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. नुसता दुबळा डोळा राबवून भागत नाही, दोघांना एकत्र नांदायला शिकवले पाहिजे, हे त्याने ओळखले.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, हे व्यायाम शिकवण्याचा स्वतंत्र व्यवसाय प्रथम एका स्त्रीने उभा केला. लंडनच्या मेरी मॅडॉक्स यांना त्यांच्या नेत्रवैद्य वडिलांनी हे शास्त्र शिकवले, आणि १९२० नंतरच्या दशकात त्यांनी हे काम सुरू केले.

परंतु हे सारे लहानपणीच का करावे लागते? त्याचे उत्तर १९६३ साली अमेरिकेत मिळाले. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन व्हीझल यांनी मांजराच्या पिलांची एक पापणी काही काळ शिवून ठेवली. पुढे ती उघडली तर डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याला जुमानीनात. मोठ्या मांजराचा डोळा तसाच झाकला, तर त्याचे काहीच बिघडले नाही. या कामाबद्दल दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पट्टीचा खरा शत्रू म्हणजे मुलांचा कंटाळा. शाळेत सवंगडी चिडवतात, घरी मूल पट्टी ओढून काढते. २००३ साली अमेरिकेत दिलासा देणारी गोष्ट सिद्ध झाली. सात वर्षांच्या आतील मुलांत दोष मध्यम असेल, तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच गुण देते.

मग आले खेळ. टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा खेळ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह याने तयार केला. २०१३ साली कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातील रॉबर्ट हेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच खेळ उपचाराला घेतला. पडणारे ठोकळे एका डोळ्याला, खालचे रचलेले ठोकळे दुसऱ्याला! चांगल्या डोळ्याचे चित्र फिके केलेले. दोन्ही डोळ्यांनी मिळून काम केल्यावाचून खेळ साधतच नाही. अठरा प्रौढांपैकी निम्मे असे खेळले, निम्मे एक डोळा झाकून. रोज एक तास, दोन आठवडे. एकत्र खेळणाऱ्यांना अधिक गुण आला. झावालचाच विचार नव्या पडद्यावर आला, असे मला वाटते.

तेव्हा वर्तमानपत्रांत पट्टीचे दिवस भरले असा गाजावाजा झाला. परंतु २०१६ साली अमेरिकेत ३८५ मुलांवर प्रयोग झाला. निम्म्यांना रोज एक तास असाच खेळ, निम्म्यांना दोन तास पट्टी. सोळा आठवड्यांनी पाहावे तो, खेळ पट्टीची बरोबरी करतो असे काही ठरले नाही. खेळ नेमून दिल्याप्रमाणे बहुतांशी खेळणारी मुले शंभरात अवघी बावीस निघाली. म्हणजे मुलांना खेळाचाही कंटाळा आला! पुढे २०२१ साली अमेरिकेच्या सरकारी खात्याने ल्युमिनोपिया नावाच्या उपचाराला परवानगी दिली. त्या वेळी ती चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी होती. त्यात मुले विशेष चष्म्यातून चित्रपट पाहतात. म्हणजे शोध अजून चालूच आहे.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नये. साधा मोबाईल हातात दिला म्हणजे हा उपचार होत नाही. प्रत्येक डोळ्याला निराळे चित्र देण्याची योजना त्यात असावी लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी लागते.

या पावणेतीनशे वर्षांत साधने बदलली; पट्टी आली, पेटी आली, पडदा आला. एक गोष्ट बदलली नाही. साधन कोणतेही असो, रोज ठरल्या वेळी मुलाला बसवणारे माणूस घरात लागतेच. ते माणूस बहुतेक घरी आई, आजी नाही तर काकू असते.

म्हणून भगिनींनो, तिरळे मूल भाग्याचे, असे म्हणून स्वस्थ बसू नका. शाळेत घालण्यापूर्वी मुलाचे दोन्ही डोळे निरनिराळे तपासून घ्या. घरी एकेक डोळा झाकून पाहा. एक झाकला असता मूल हट्टाने हात दूर सारू लागले, तर डॉक्टरांकडे न्या. मूल सात-आठ वर्षांचे होऊन गेले असले तरी निराश होऊ नका. २००५ सालच्या एका पाहणीत सात ते बारा वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना उपचाराने गुण आला होता. मात्र वेळेवर केलेल्या उपचाराची सर कशालाच नाही. आपल्या मंडळाने येत्या वर्षी बालवाडीतल्या मुलांची नेत्रतपासणी हाती घ्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे.