काठावरची ठिणगी : विस्मरणात गेलेल्या तीन रिमफायर रायफली

१/ १ ऑगस्ट २०२४. फ्रान्समधील शातोरू येथे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ऑलिम्पिक कांस्यपदक पटकावले. पदकाची चर्चा उदंड झाली. त्याच्या रायफलीतल्या चिमुकल्या काडतुसाविषयी मात्र कुणी बोलले नाही. हा थ्रेड त्या काडतुसाच्या कुळाविषयी, आणि त्या कुळातील तीन उपेक्षित रायफलींविषयी.

२/ या काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात. दिवाळीतल्या टिकलीच्या पिस्तुलात टिकलीवर आघात झाला की ठिणगी पडते. बंदुकीच्या काडतुसातही तत्त्व तेच. बहुतेक आधुनिक काडतुसांत ही टिकली पुंगळीच्या बुडाशी मधोमध बसवलेली असते. रिमफायरमध्ये वेगळी टिकलीच नसते. पुंगळीच्या बुडाचा काठ दुमडून पोकळ केलेला असतो आणि त्या पोकळीत स्फोटक लेप पसरलेला असतो. पिन त्या काठावर आदळते, काठ चेचला जातो आणि आतली दारू पेटते.

३/ या रचनेतच तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही आहेत. बनवायला सोपी, स्वस्त, आटोपशीर. पण काठ चेचला जायचा तर पत्रा पातळच हवा, आणि पातळ पत्र्याची पुंगळी फार दाब सोसू शकत नाही. एकदा वापरलेली पुंगळी पुन्हा भरून वापरणेही व्यवहार्य नसते. म्हणून आज रिमफायर म्हटले की सरावाची किंवा सशा-पाखरांच्या शिकारीची बंदूक आठवते. एकेकाळी हेच तंत्र युद्धशास्त्राच्या अग्रभागी होते, याचा विसर पडला आहे.

४/ १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेरने दिवाणखान्यात नेमबाजीचा खेळ खेळता यावा म्हणून असे छोटे काडतूस तयार केले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने .२२ रिमफायर काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. हे साल आपल्या ओळखीचे आहे. त्याच वर्षी हिंदुस्थानात एनफिल्ड रायफलीच्या, दातांनी तोडाव्या लागणाऱ्या कागदी काडतुसांवरून वणवा पेटला होता. कागदी काडतुसाचा अंत आणि धातूच्या काडतुसाचा उदय असे एकाच सालात समोरासमोर आले.

५/ धातूच्या काडतुसाने काय साधले? गोळी, दारू आणि ठिणगी तिन्ही एकाच पुंगळीत आली. पावसाची भीती बरीच कमी झाली. शिवाय अशी काडतुसे एका नळीत ओळीने भरून ठेवता येऊ लागली. स्प्रिंगच्या रेट्यात कागदी काडतूस फाटले असते, धातूचे टिकले. एकदा भरून अनेकदा झाडता येणाऱ्या रायफलीचा मार्ग इथून मोकळा झाला.

६/ पहिली रायफल : स्पेन्सर. कनेक्टिकटमध्ये चेनी बंधूंच्या रेशीम गिरणीशी संबंधित असलेला ख्रिस्तोफर स्पेन्सर हा तरुण कारागीर. मार्च १८६० मध्ये त्याला पेटंट मिळाले. दस्त्याच्या आत नळी, नळीत सात रिमफायर काडतुसे. चापाखालचा लिव्हर खाली ओढला की रिकामी पुंगळी बाहेर, वर केला की नवे काडतूस आत. घोडा मात्र दर वेळी अंगठ्यानेच चढवावा लागे.

७/ अमेरिकी यादवी युद्ध सुरू असतानाही लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागाचा प्रमुख जेम्स रिप्ली अशा नव्या हत्यारांबाबत अनुत्साही होता. टेनेसीच्या आघाडीवरील कर्नल जॉन वाइल्डरने सरकारची वाट पाहिली नाही. त्याने स्वतःच्या पतीवर रायफली मागवल्या आणि सैनिकांनी आपापल्या पगारातून पैसे फेडण्याच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या. पुढे हा खर्च सरकारने उचलला.

८/ २४ जून १८६३ रोजी हूव्हर्स गॅप या खिंडीत वाइल्डरच्या ब्रिगेडने संख्येने वरचढ शत्रूला थोपवून धरले. १८ ऑगस्टला खुद्द अध्यक्ष लिंकन यांनी वॉशिंग्टनमध्ये ही रायफल झाडून पाहिली. युद्ध संपेपर्यंत सरकारने स्पेन्सरच्या सुमारे एक लाख रायफली आणि कार्बाइन घेतल्या. युद्ध संपले आणि मागणी आटली. १८६९ मध्ये कंपनी विकली गेली. विकत घेणारा होता प्रतिस्पर्धी ऑलिव्हर विंचेस्टर.

९/ दुसरी रायफल : विंचेस्टर १८६६. तिची जननी म्हणजे बेंजामिन टायलर हेन्रीची १८६० ची .४४ रिमफायर रायफल. नळीत पंधरा आणि कक्षेत एक, अशी सोळा काडतुसे. १८६६ च्या सुधारित आवृत्तीत बाजूच्या झडपेतून काडतुसे भरण्याची सोय झाली. पितळी रंगाच्या सांगाड्यामुळे लोक तिला 'येलो बॉय' म्हणत. पुढे सारी कीर्ती नेली ती विंचेस्टरच्या १८७३ च्या मॉडेलने, आणि ते रिमफायर नव्हते.

१०/ आता एक निर्णय पाहू. १८७२-७३ मध्ये अमेरिकी लष्करासाठी रायफल निवडायला एक मंडळ नेमले गेले. अध्यक्ष होते ब्रिगेडियर जनरल आल्फ्रेड टेरी. मंडळाने एकेरी गोळीची स्प्रिंगफिल्ड निवडली. कारणे अगदीच चुकीची नव्हती : स्प्रिंगफिल्डचा पल्ला लांब, मारा जोरकस, किंमत कमी आणि काडतुसांची उधळपट्टीही कमी. १८६८ मध्ये वाशिताच्या लढाईत सातव्या घोडदळाकडे स्पेन्सर होत्या. आता त्यांच्या हाती एकेरी स्प्रिंगफिल्ड आल्या.

११/ २५ जून १८७६, मोंटानातील लिटल बिगहॉर्न नदीचा काठ. जॉर्ज कस्टर सातव्या घोडदळासह लाकोटा आणि शायेन लोकांच्या प्रचंड वसाहतीवर चालून गेला. १८६३ मध्ये त्याच्याच मिशिगन ब्रिगेडने स्पेन्सरची करामत अनुभवली होती. तेरा वर्षांनी चित्र उलटले. कस्टरबरोबरच्या तुकड्यांतील दोनशेहून अधिक सैनिकांपैकी कुणीही वाचले नाही. दोन दिवसांनी जी फौज तिथे पोहोचली तिच्यासोबत मोहिमेचे प्रमुखही होते : जनरल आल्फ्रेड टेरी.

१२/ यानंतर अमेरिकेने एक दंतकथा घडवली. टेकडीवर शेवटच्या गोळीपर्यंत झुंजणारा कस्टर चित्रांत आणि पुढे चित्रपटांत वर्षानुवर्षे दिसत राहिला. लढाईतून जिवंत परतलेले शेकडो साक्षीदार होते, पण ते लाकोटा आणि शायेन होते. सैनिकांची फळी विस्कटली, ते घाबरून एकत्र गोळा झाले, शेवट लवकर झाला, असे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले. परस्परविसंगत म्हणून, पराभूत जमातीच्या बढाया म्हणून त्यांच्या साक्षी दीर्घकाळ बाजूला सारल्या गेल्या.

१३/ १९८३ मध्ये त्या माळरानावर वणवा लागला आणि गवत जळून जमीन उघडी पडली. पुढच्या दोन वर्षांत डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने धातुशोधक यंत्रे फिरवून रणांगणाची पद्धतशीर पाहणी केली. प्रत्येक गोळी आणि प्रत्येक पुंगळी कुठे सापडली याची नकाशावर नोंद झाली. मग गुन्हेतपासाचे शास्त्र इतिहासाच्या मदतीला आले.

१४/ प्रत्येक बंदुकीची पिन पुंगळीवर आपली खूण सोडते, जणू अंगठ्याचा ठसाच. सैनिकांकडची स्प्रिंगफिल्ड आणि कोल्ट दोन्ही .४५ ची, मध्यभागी आघात होणारी. म्हणून .४४ रिमफायर पुंगळी सापडली की ती बहुधा लाकोटा किंवा शायेन योद्ध्याने झाडलेली. तिच्या काठावरच्या ठशांवरून ती नेमक्या कोणत्या रायफलीतून सुटली हेही जुळवता येई. एकाच रायफलीच्या पुंगळ्या दोन ठिकाणी सापडल्या, तर तो योद्धा कुठून कुठे सरकला हे कळे.

१५/ हे ठसे जोडल्यावर वेगळे चित्र दिसले. मूळनिवासी योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर रायफली पूर्वी मानले जात होते त्यापेक्षा कितीतरी अधिक होत्या, अंदाज शेकड्यांच्या घरात जातो. लढाईच्या अखेरच्या जागांवर सैन्याच्या पुंगळ्या मोजक्याच होत्या. फॉक्स यांनी निष्कर्ष काढला की सुसंघटित अखेरची झुंज झालीच नाही, फळी कोसळली होती. शंभर वर्षे नाकारलेली साक्ष तांब्याच्या पुंगळ्यांनी उचलून धरली.

१६/ इथे सावध राहायला हवे. केवळ रायफलींनी ही लढाई जिंकली नाही. योद्ध्यांचे संख्याबळ, त्यांचे नेतृत्व, कस्टरने केलेली फौजेची विभागणी ही कारणे मोठी आहेत, आणि कित्येक योद्धे धनुष्यबाणांनीच लढत होते. पण कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न इतिहासलेखनाच्या मुळाशी असतो. लिटल बिगहॉर्नच्या बाबतीत त्याच्या उत्तराला वजन दिले ते रिमफायरच्या चेचलेल्या काठाने.

१७/ तिसरी रायफल : स्वित्झर्लंडची व्हेटर्ली, मॉडेल १८६९. ऱ्हाइनच्या धबधब्याजवळ नॉयहाउझेनच्या कारखान्यात फ्रिडरिख व्हेटर्ली याने ती घडवली. नळीखाली बारा रिमफायर काडतुसांची साठवण, आणि हेन्रीची ही कल्पना मागेपुढे सरकणाऱ्या बोल्टशी जोडलेली. काठावरचा आघात चुकू नये म्हणून पिनला दोन टोके. अशी बोल्टची, अनेक गोळ्यांची रायफल सैन्याचे प्रमुख शस्त्र म्हणून स्वीकारणारा स्वित्झर्लंड हा पहिला देश.

१८/ तुलना करा. ब्रिटनची मार्टिनी-हेन्री (१८७१), जर्मनीची माउझर (१८७१), फ्रान्सची ग्रा (१८७४) या सर्व एकेरी गोळीच्या. १८७७ मध्ये प्लेव्हना येथे तुर्कांनी विंचेस्टर १८६६ च्या माऱ्याने रशियन हल्ल्यांची दाणादाण उडवली, तेव्हा कुठे युरोप खडबडून जागा झाला. जर्मनीने माउझरला नळी जोडली ती १८८४ मध्ये. व्हेटर्लीला तोवर पंधरा वर्षे झाली होती.

१९/ मग व्हेटर्लीचे नाव का नाही? कारण स्वित्झर्लंड तटस्थ राहिला. जी बंदूक युद्धात उतरली नाही तिच्याविषयी कोण लिहिणार? शस्त्रांचा इतिहास आपण बळींच्या मोजदादीने लिहितो, कल्पकतेच्या मोजदादीने नाही. पुढे धूरविरहित दारू आली, दाब वाढला आणि पातळ काठाच्या पुंगळीचा निरुपाय झाला. १८८९ मध्ये श्मिट-रुबिन रायफलीने व्हेटर्लीची जागा घेतली.

२०/ मोठी रिमफायर काडतुसे काळाच्या पडद्याआड गेली, पण धाकटे .२२ उरले. त्याचे 'लाँग रायफल' हे रूप १८८७ चे. एनसीसीच्या छावणीत ज्यांनी आयुष्यातली पहिली गोळी झाडली, त्यांनी बहुतेक वेळा तेच झाडले असेल. २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली तेही त्यावरच, आणि स्वप्नीलचे पदकही त्यावरच.

२१/ फ्लोबेरने हे काडतूस खेळासाठी घडवले होते. मधल्या काळात ते युद्धात गेले आणि अखेर खेळाकडेच परतले. पुढच्या वेळी एखादा नेमबाज श्वास रोखून उभा दिसला, तर त्याच्या पायाशी पडणारी पुंगळी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या काठावर एक बारीकसा खळगा असतो. लिटल बिगहॉर्नच्या मातीत शतकभर गाडलेल्या पुंगळ्यांवरही तसाच होता. (समाप्त)