सोर्बोन : एका आडनावाचा मागोवा

रोबेर आपल्याकडे जन्मला असता, तर सोर्बोनकर झाला असता. उत्तर फ्रान्समधल्या आर्देन भागातलं सोर्बों हे त्याचं खेडं. १२०१ मध्ये गरिबाघरी जन्मलेला हा मुलगा पॅरिसला येऊन पाद्री झाला आणि पुढे नवव्या लुई राजाच्या मर्जीत जाऊन बसला. शिकायला आलेल्या गरिबाचे हाल त्याला माहीत होते. १२५७ मध्ये राजाच्या मदतीने त्याने धर्मशास्त्र शिकणाऱ्या वीसेक जणांच्या राहण्याजेवण्याची सोय केली. आपल्याकडे ज्याला बोर्डिंग म्हणत, तेच हे. फ्रेंचांनी गावाचं नाव स्त्रीलिंगी करून त्या घराला दिलं आणि ती सोर्बोन झाली.

म्हणजे सोर्बोन हे मुळात विद्यापीठ नव्हेच. विद्यापीठ तिच्याही आधीचं, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. सीन नदीच्या डाव्या काठावर फुआर नावाची गल्ली आहे. फुआर म्हणजे गवताचा पेंढा. मास्तर भाड्याच्या खोलीत शिकवत आणि पोरं पेंढ्यावर बसून ऐकत. सगळा व्यवहार लॅटिनमध्ये, म्हणून वस्तीलाच लॅटिन क्वार्टर नाव पडलं. १२२९ मध्ये दारूच्या गुत्त्यात बिलावरून भांडण पेटलं, पहारेकऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना ठार मारलं आणि मास्तरांनी संप पुकारला. तो दोन वर्षं चालला. अखेर १२३१ मध्ये पोपने विद्यापीठाला सनद दिली. मे १९६८ चं विद्यार्थ्यांचं आंदोलन पुष्कळांना आठवतं, पण घराण्याची संपाची ही सवय त्याहून जुनी.

मग बोर्डिंगचं नाव विद्यापीठाला कसं चिकटलं? माझ्या मते पुस्तकांमुळे आणि दराऱ्यामुळे. सोर्बोनच्या ग्रंथालयाच्या १३३८ च्या यादीत १,७२२ पुस्तकं आहेत. हातानं लिहिलेली ही पुस्तकं, त्यातली नेहमी लागणारी साखळीने मेजाला बांधलेली. वाचायचं तर तिथेच. १४७० मध्ये फ्रान्समधला पहिला छापखाना इथेच आला. पुढे धर्मशास्त्राच्या शाखेचे फतवे इथून निघू लागले आणि ते ‘सोर्बोनचा निकाल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लेखक राबले याच्या पुस्तकांवर बंदी घालणारी हीच मंडळी. ज्या घरात छापखाना आला, त्याच घराने छापलेल्या पुस्तकांची धास्ती घ्यावी, याचं मला तरी नवल वाटत नाही.

सतराव्या शतकात कार्डिनल रिशल्यूने घर पाडून नव्याने बांधलं आणि आतल्या चर्चमध्ये स्वतःच्या थडग्याची सोय केली. क्रांतीत ते थडगं फोडून रिशल्यूचं मुंडकं पळवलं गेलं. ते परत जागेवर यायला १८६६ उजाडलं. विद्यापीठही १७९३ मध्ये बंद झालं आणि १८९६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. आज दिसते ती भव्य वास्तू त्याच सुमाराची, आर्किटेक्ट नेनो यांची. १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये मारी क्युरी इथे पहिल्यांदा शिकवायला उभ्या राहिल्या. इथे शिकवणाऱ्या त्या पहिल्याच बाई. व्याख्यानात पती पियेर यांच्या अपघाती मृत्यूची, स्वागताची, आभाराची एक ओळ नाही. पियेर वर्गात जिथे थांबले होते, तिथूनच त्यांनी पुढचं वाक्य सुरू केलं.

मराठीचंही या घराण्याशी नातं आहे. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरचा आपला प्रबंध १९१४ मध्ये पॅरिसलाच सादर केला. मधल्या महायुद्धामुळे तो पुस्तकरूपाने १९२० मध्ये आला. वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. ज्ञानेश्वरांच्या भाषेचा वंशवृक्ष पॅरिसमध्ये मांडला गेला, ही गोष्ट आपल्याकडे भाषाशास्त्राच्या वर्गाबाहेर फारशी पोचलेली नाही.

मे १९६८ मध्ये पोलीस सोर्बोनच्या अंगणात शिरले आणि विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. सरकारने त्यावर तोडगा काढला तो वाटणीचा. १९७० च्या सुमारास एका विद्यापीठाची तेरा झाली, त्यांना क्रमांक मिळाले. पण क्रमांकाने कुणाचं मन भरतं? पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या भावाने सोर्बोन हे आडनाव लावलं. चौथा आणि सहावा २०१८ मध्ये एकत्र येऊन सोर्बोन युनिव्हर्सिटी झाले. तेरावा शहराबाहेर, उत्तरेच्या उपनगरात राहतो, तरी २०२० पासून तोही सोर्बोन लावतो. पाचव्या-सातव्याने एकत्र येऊन थेट ‘पॅरिस विद्यापीठ’ हे वडिलांचंच नाव घेतलं, तेव्हा क्रमांक दोनचा भाऊ कोर्टात गेला आणि २०२१ मध्ये ते नाव रद्द करून आला. आणि ज्या वास्तूवरून एवढी भाऊबंदकी, तिची मालकी पॅरिस शहराकडे आहे.

तेव्हा कुणाच्या घरी सोर्बोनचं प्रवेशपत्र आलं, तर पेढे जरूर वाटा. पण त्याआधी पत्ता नीट वाचा. ती सोर्बोन अबू धाबीतही असू शकते. २००६ पासून तिथेही एक आहे.