ट्रॅव्हल ट्रेलरचे सस्पेन्शन उंचावणे

ट्रॅव्हल ट्रेलरचे सस्पेन्शन उंचावणे म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या, आत राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरची चौकट त्याच्या ॲक्सलपासून अधिक उंचीवर बसवणे होय. टायर आणि त्यावरील मडगार्डची पोकळी यांतील अंतर वाढवणे हा या बदलाचा मुख्य हेतू असतो. जमिनीपासूनची उंची वाढल्याने खडबडीत वाटेवर सांडपाण्याचे नळ व मागचा भाग घासत नाही, हा त्याचा दुसरा लाभ. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा येथे हा बदल विशेष प्रचलित आहे.

मोकळ्या जागेची गरज

रस्त्यावरील खड्ड्यातून जाताना सस्पेन्शन दाबले जाते आणि चाक पोकळीत वर सरकते. वर पुरेशी जागा नसल्यास टायर पत्र्याला किंवा लाकडी फळीला घासतो, तापतो आणि कालांतराने फुटतो. फुटलेल्या टायरचा सुटलेला पट्टा वेगाने फिरत आपटत राहतो. ट्रेलरमध्ये चाकाच्या पोकळीलगत अनेकदा विजेच्या तारा, पाण्याचे नळ किंवा गॅसची नळी असते, त्यामुळे हे नुकसान केवळ टायरपुरते उरत नाही.

मोठा टायर बसवण्याच्या इच्छेतूनही हा प्रश्न उद्भवतो. अधिक भारक्षमतेसाठी एसटी २०५/७५ आर १५ या मापाऐवजी एसटी २२५/७५ आर १५ हे माप निवडले, तर टायरचा व्यास सुमारे ६८८ मिलिमीटरवरून ७१८ मिलिमीटर होतो. त्रिज्या १५ मिलिमीटरने वाढल्यामुळे संपूर्ण ट्रेलर तेवढाच उंच होतो, परंतु टायरच्या माथ्यावरील जागा तेवढीच कमी होते.

सस्पेन्शन उंचावल्याने केवळ ही उभी जागा वाढते. दुहेरी ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या व मागच्या टायरमधील अंतर त्यामुळे बदलत नाही. दोन ॲक्सलच्या मध्यांमध्ये ३३ इंच, म्हणजे सुमारे ८४ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरील बदलाने दोन टायरमधील फट सुमारे १५ सेंटिमीटरवरून १२ सेंटिमीटरवर येते. खड्ड्यात दोन्ही ॲक्सल हलतात तेव्हा ती आणखी घटते. टायर आणि पाटे यांतील आडवी जागाही ट्रेलर उंचावून मिळत नाही. अरुंद वळणावर दुहेरी ॲक्सलचे टायर बाजूला ओढले जाऊन पिळतात, म्हणून या आडव्या जागेची स्वतंत्र मोजणी आवश्यक ठरते.

मूळ दोषाची तपासणी

पूर्वी न घासणारा टायर अलीकडे घासू लागला असेल, तर उंची कमी का झाली याचा शोध प्रथम घ्यावा लागतो. सपाट झालेले पाटे, वाकलेला ॲक्सल, झिजलेले बुश, लांबट झालेली बोल्टची भोके, चौकटीला तडा किंवा मर्यादेपेक्षा अधिक सामान ही नेहमीची कारणे होत. अशा वेळी ट्रेलर उंचावल्यास घासण्याचा आवाज थांबतो, पण दोष तसाच राहतो. उंची वाढल्याने ॲक्सल, पाटे अथवा टायर यांची भारक्षमता किंचितही वाढत नाही. म्हणून प्रवासाला निघतानाच्या पूर्ण सामानासह ट्रेलरचे वजन करून ते ॲक्सलच्या पट्टीवर नोंदलेल्या मर्यादेशी ताडून पाहणे, ही या कामाची पहिली पायरी मानली जाते.

पाट्यांचे सस्पेन्शन

बहुतांश ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये पाट्यांचे सस्पेन्शन असते. पाट्यांची टोके चौकटीला वेल्ड केलेल्या हँगरमध्ये अडकवलेली असतात, आणि दुहेरी ॲक्सलमध्ये पुढच्या व मागच्या पाट्यांदरम्यान इक्वलायझर नावाचा हलता दुवा भार वाटून घेतो. ट्रेलर बुटका राहावा यासाठी काही उत्पादक पाटे ॲक्सलच्या नळीखालून नेतात. अशा रचनेत पाटे नळीच्या वर आणल्यास चौकट नळीचा व्यास अधिक पाट्यांच्या थराची जाडी एवढी वर उचलली जाते. ३ इंची नळीच्या बाबतीत ही वाढ साधारण ५ इंच, म्हणजे १२ ते १३ सेंटिमीटर भरते.

या पद्धतीला ‘ॲक्सल फ्लिप’ म्हणतात, आणि हे नाव बरेच दिशाभूल करणारे आहे. त्यात ॲक्सल उलटा करायचा नसतो. ट्रेलरच्या ॲक्सलची नळी अनेकदा मध्यभागी किंचित वर वाकवलेली असते. भार पाट्यांवर आणि आधार त्यांच्या बाहेर असलेल्या चाकांवर असल्याने नळी भाराखाली उलट दिशेने वाकते व चाके उभी राहतात. हीच नळी उलटी बसवली, तर मूळचा बाक आणि भाराने येणारा बाक एकाच दिशेचे होतात. चाकांचे माथे आत झुकतात आणि टायरची आतली कड झपाट्याने झिजते. म्हणून नळी आहे त्याच स्थितीत ठेवून तिच्या वरच्या बाजूस पाट्यांसाठी नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात. दोन्ही बाजूंच्या बैठका एकाच प्रतलात नसतील, तर ॲक्सल पिळलेल्या अवस्थेत बसतो. वेल्डिंगचा विद्युतप्रवाह चाकाच्या बेअरिंगमधून जाणार नाही अशा जागी अर्थची पकड लावतात, आणि बॅटरीच्या तारा आधी सोडतात. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असल्याने ते पुन्हा वापरत नाहीत.

पाटे आधीच ॲक्सलच्या वर असतील, तर हा मार्ग उरत नाही. तेव्हा हँगर आणि चौकट यांच्यामध्ये चौकोनी नळीची उपचौकट घालतात किंवा अधिक उंच हँगर बसवतात. हँगर जितका लांब, तितका वळणावर त्याच्या मुळाशी पडणारा आडवा ताण अधिक. यासाठी डाव्या व उजव्या हँगरांना जोडणारी आडवी सळई लावतात. ती टाळून केवळ लांब शॅकल लावण्याची युक्ती स्वस्त असली, तरी तिने पाटे बाजूला डोलू लागतात. काही ट्रेलरमध्ये चाकाची खुंटी नळीच्या मध्यरेषेपेक्षा वर बसवलेला ‘ड्रॉप’ ॲक्सल असतो. त्याच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा सरळ ॲक्सल लावणे महाग पण सर्वांत स्वच्छ काम होय.

रबरी टॉर्शन ॲक्सल

या प्रकारात चौकोनी नळीच्या आत ४५ अंशांत फिरवलेली दुसरी चौकोनी कांब असते आणि चार कोपऱ्यांत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात. चाकाची भुजा वर गेली की कांब फिरते व रबर दबते. एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीने १९६१ पासून आपल्या ट्रेलरमध्ये असे ॲक्सल वापरले. येथे ॲक्सलचे कंस आणि चौकट यांच्यामध्ये पोलादी ठोकळे घालून उंची वाढवतात. मात्र रबर वयोमानाने कडक होते व भुजा कायमची वर चढते. अशा ॲक्सलखाली ठोकळे घालण्यात अर्थ नसतो, कारण धक्का शोषण्याची त्याची क्षमताच संपलेली असते. तेव्हा ॲक्सल बदलणे हाच उपाय होय.

बदलानंतरचे परिणाम

ट्रेलर उंचावल्यावर त्याचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वाऱ्याचा झोत किंवा तीव्र वळण यांत तो अधिक कलतो. जोडणीचा गोळाही त्याच प्रमाणात वर न्यावा लागतो, अन्यथा ट्रेलर पुढे झुकून चालतो. दुहेरी टॉर्शन ॲक्सलमध्ये इक्वलायझर नसल्याने असा झुकाव थेट एका ॲक्सलवर जादा भार टाकतो. भार वाटणारी जोडणी वापरात असेल, तर ती नव्याने जुळवावी लागते. ब्रेकच्या तारा पुरेशा लांब आहेत का, दाराची पायरी चढण्याजोगी आहे का, आणि उभे केल्यावर आधार देणारे जॅक जमिनीपर्यंत पोहोचतात का, हेही पाहावे लागते. एकूण उंचीची कायदेशीर मर्यादा अमेरिकेच्या पूर्वेकडील बहुतेक राज्यांत १३ फूट ६ इंच आहे. छतावर वातानुकूलन यंत्र असलेल्या उंच ट्रेलरला ती जवळची ठरू शकते.

काम चालू असताना ट्रेलर चौकटीखाली भक्कम आधार देऊन उचलतात, ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावत नाहीत. चाके पुन्हा बसवल्यावर १०, २५ आणि ५० मैलांच्या प्रवासानंतर त्यांचे नट ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळले जातात.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येनुसार ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्यामुळे नोंदणीतील उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई करणारे कलम ५२ त्यालाही लागू होते.