चेहरा एक, जाती पाच

बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डावा कालवा बराच वेळ सोबत करतो. १८८५च्या सुमारास पाणी सुटलेल्या या कालव्याने दुष्काळी माळावर ऊस आणला. पण कालवा म्हटला की पाझर आला, कडेची डबकी आली. अशा स्वच्छ, संथ पाण्यात ॲनॉफेलीस क्युलिसिफेसीस हा डास अंडी घालतो. ग्रामीण भारतात हिवताप पसरवणारा हा प्रमुख डास.

१८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचे परजीवी ज्या डासात दिसले, त्याचे शास्त्रीय नाव त्यांना ठाऊक नव्हते. ‘ठिपकेदार पंखांचा डास’ एवढेच ते म्हणू शकले. त्यानंतर डास ओळखण्याची निकड एकदम वाढली. १९०१ साली जाइल्स यांनी क्युलिसिफेसीसचे, तर लिस्टन यांनी एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, ॲनॉफेलीस स्टीफेन्सीचे वर्णन केले. पंखांवरचे ठिपके, सोंडेशेजारच्या स्पर्शिकांवरचे पट्टे ही ओळखीची साधने होती.

पण एक कोडे उरले. युरोपात काही भागांत ॲनॉफेलीस भरपूर, पण हिवताप नाही, असे का? १९२६ साली इटलीत फालेरोनी यांनी अंड्यांवरची नक्षी तपासली आणि एकाच नावाखाली वेगवेगळे डास दडलेले आहेत हे दिसू लागले.

क्युलिसिफेसीसबाबत हेच १९८० साली ग्रीन आणि माइल्स यांनी दाखवले. मादीच्या अंडाशयातील काही पेशींत गुणसूत्रे जाड होतात व त्यांवर आडवे पट्टे दिसतात. काही माद्यांत या पट्ट्यांचे ठरावीक तुकडे उलटे बसलेले होते. दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी राहत होते. तरी एक प्रत सुलटी व एक उलटी असलेली मादी काही सापडेना. त्यांचा आपसात संकर होत असता, तर अशा माद्या सापडायलाच हव्या होत्या. म्हणजे या दोन स्वतंत्र जाती! त्यांना ए आणि बी म्हटले गेले. पुढे सी, डी आणि १९९९ साली ई यांची भर पडली.

बाहेरून पाचही सारख्याच. मात्र बी मुख्यतः गुरांचे रक्त पिते आणि भारतात बहुतेक ठिकाणी हिवताप फारसा पसरवत नाही. इतर चार पसरवतात. तेव्हा गोठ्यात किती डास सापडले, यावरून गावाचा धोका ठरत नाही. कीटकनाशकाला दाद देण्यातही या जातींत फरक आढळतो. जात न ओळखता फवारणी केली, तर पैसा जातो आणि ताप राहतो.

वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी, असे विद्यार्थ्यांना वाटते. त्यांना आपण एवढेच विचारू या: दोन जीव हुबेहूब दिसले, तर ते एकाच जातीचे असतील का? आणि हे तुम्ही कसे तपासाल?