बालपोषण-साहाय्य सेवा, गोंदिया जिल्हा

बालपोषण-साहाय्य सेवा, गोंदिया जिल्हा : विपन्न कुटुंबांतील सहा वर्षांखालील कुपोषित बालकांना आहार, औषधोपचार व संगोपन यांचे साहाय्य गावातल्या गावात मिळावे म्हणून करावयाची व्यवस्था. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा व मालगुजारी तलावांचा म्हणून ख्यात आहे; परंतु आषाढ-श्रावणात रोवणीसाठी दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून राबणारी, चैत्रात पहाटे मोहफुले वेचणारी व वैशाखात तेंदूपत्ता तोडणारी माता आपल्या दीड वर्षाच्या मुलाला दिवसातून चार-पाच वेळा भरवू शकत नाही, आणि मोठ्या बहिणीच्या हाती सोपविलेले ते मूल एक-दोन वेळच्या पेजेवर राहून पावसाळी हगवणीत झपाट्याने खंगते. तेव्हा येथील प्रश्न शिध्याइतकाच भरविणाऱ्या हातांचा आहे, हे योजनाकर्त्यांनी प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत आरंभलेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा अंगणवाडी हा आजही मुख्य आधार होय. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर तीव्र कुपोषितास ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने देण्याची तरतूद २००९च्या निकषांत होती. तीन वर्षांवरील मुले अंगणवाडीत ताजे शिजविलेले अन्न खातात. त्यांहून लहानांचा आहार मात्र घरपोच जातो व साऱ्या घरात वाटला जातो, म्हणजे ज्या वयात जपणूक सर्वाधिक हवी तेथेच व्यवस्था विरळ होते. शेजारच्या छत्तीसगढात, बिलासपूरनजीक गनियारी येथील जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘फुलवारी’ नावाची गावपाळणाघरे चालवून ही उणीव भरून काढण्याचा मार्ग दाखविला. गोंदियात रोवणीच्या हंगामापुरती तरी अशी पाळणाघरे गावातील स्त्रियांच्या हाती, योग्य रोजीसह, सोपवावीत. मानधनावर काम करणाऱ्या आणि नोंदवह्यांनी आधीच वाकलेल्या अंगणवाडी सेविकेवर हा नवा भार टाकणे अन्यायाचे होईल.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरतो, ते तीव्र कुपोषित समजतात. त्यास भूक असून अन्य व्याधी नसल्यास ग्राम बालविकास केंद्रात आहारोपचार पुरतात. अन्यथा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील जंगलपट्टीच्या गावांतून असे मूल घेऊन निघणारी आई मजुरीला मुकते व तिची इतर लेकरे उघडी पडतात, म्हणून बुडीत मजुरी, वाहन आणि मागे राहिलेल्यांचे जेवण हे खर्चाच्या तपशिलात आरंभापासूनच धरावे. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्तविकार आढळत असल्याने फिकुटलेल्या मुलाची रक्ततपासणी टाळू नये, आणि गोंडी बोलणाऱ्या घरी सल्ला गोंडीतूनच द्यावा. धानकापणीनंतर कामासाठी परमुलखी गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचे नाव गावच्या वहीत राहते व आहार तेथेच थांबतो. त्याच्या वजनाची नोंद व आहाराचा हक्क मुक्कामाच्या अंगणवाडीतही मानला जाईल, अशी कार्यवाही कुटुंब निघण्यापूर्वीच व्हावी.